साष्टी : सहासष्ट गांवांचा जिल्हा

रशियाच्या नकाशावर उरल पर्वत ओलांडून पूर्वेकडे पुष्कळ दूर गेलें म्हणजे एव्हेंकिया नांवाचा एक प्रदेश लागतो. निझ्न्याया तुंगुस्का नदीच्या कांठीं तुरा हें त्याचें मुख्य ठाणें. क्षेत्रफळ साडेसात लाख चौरस किलोमीटरांहून अधिक; म्हणजे आपल्या महाराष्ट्रासारखीं जवळजवळ अडीच राज्यें त्यांत मावतील. आणि वस्ती? २००२ सालच्या शिरगणतींत अवघीं १७,६९७ माणसें. १९०८ सालीं आकाशांतून कोसळणारा एक प्रचंड पिंड याच प्रदेशावर फुटला आणि सुमारें दोन हजार चौरस किलोमीटर अरण्य आडवें झालें. परंतु त्याची पाहणी करणारी पहिली शास्त्रीय मोहीम तेथें पोंचावयास १९२७ साल उजाडलें! इतका तो मुलूख एकांतांतला. रेनडियर पाळणारे आणि शिकारीवर जगणारे एव्हेंक लोक हे तेथले मूळचे रहिवासी. त्यांच्याच नांवानें सोव्हिएट सरकारनें १९३० सालीं हा मुलूख वेगळा काढला, आणि २००७ सालीं तो क्रास्नोयार्स्क प्रांतांत जिल्हा म्हणून सामील करण्यांत आला. नांव एव्हेंकांचें खरें. पण २००२ च्या त्या शिरगणतींत त्यांचें प्रमाण एकपंचमांशाहून थोडेंसेंच अधिक भरलें. बाकीचे बहुतेक मागाहून आलेले रशियन.

डोंगर आणि नदी हीं सृष्टीनें घडविलेलीं असतात. जिल्हा हा माणसानें कागदावर आंखलेला असतो. तो काढतां येतो, पुसतां येतो, पुन्हां काढतां येतो. राज्यकर्त्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशीं हजारों माणसें एका मुलुखांतून दुसऱ्या मुलुखांत जातात, आणि घरच्या चुलीपासून वीतभरही हललेलीं नसतात. हें पाहण्यासाठीं सैबेरियापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांचा मिळून जो मुंबई उपनगर जिल्हा झाला आहे, त्याची कथा याच जातीची आहे. क्षेत्रफळ ४४६ चौरस किलोमीटर. एव्हेंकियाच्या मानानें येथें वस्ती झाली असती तर उभ्या जिल्ह्यांत दहा माणसें राहिलीं असतीं. प्रत्यक्षांत २०११ च्या शिरगणतीनें तेथें ९३,५६,९६२ माणसें मोजलीं. दर चौरस किलोमीटरास २०,९८०. २०२१ ची शिरगणती ठरल्या वेळीं झाली नाहीं, तेव्हां याच आंकड्यांवर भागवावें लागतें.

एव्हेंकांचें निदान नांव तरी जिल्ह्याला राहिलें. येथें तेंही राहिलें नाहीं. सरकारी दप्तरांत या भूमीला ‘उपनगर’ म्हणतात. उपनदी, उपग्रह यांच्या पंक्तींतला हा शब्द. मुख्य वस्तु दुसरीकडे आहे आणि ही तिच्या आश्रयानें उभी आहे, असें त्यांतून सूचित होतें. या भूमीचें स्वतःचें नांव याहून फार जुनें आहे. तें नांव साष्टी. संस्कृतांतील षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट, या शब्दाचें हें मराठी रूप. भांडुप येथें सांपडलेल्या एका ताम्रपटांत शिलाहार राजा छित्तराज यानें शके ९४८ मध्यें, म्हणजे इसवी सन १०२६ मध्यें, नौर नांवाच्या गांवांतलें एक शेत ब्राह्मणास दान दिल्याची नोंद आहे. तें गांव कोठलें, हें सांगतांना लेखकानें तें श्रीस्थानकाच्या पोटांतील षट्षष्टि विषयांत असल्याचें लिहिलें आहे. श्रीस्थानक म्हणजे ठाणें. आणि विषय हा त्या काळचा जिल्ह्याला शब्द. एक हजार वर्षांपूर्वींचा हा जिल्हा, आणि त्याचा पत्ता एका शेताच्या दानपत्रांत जपून राहिलेला! मुंबई नांवाचें महानगर त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें.

गोव्यांत मडगांवच्या भोंवतालच्या तालुक्यासही साष्टीच म्हणतात, आणि तेथेंही सहासष्ट गांवांचीच व्युत्पत्ति सांगतात. पोर्तुगीजांनीं दोन्ही नांवें आपल्या जिभेच्या सोयीनें वळविलीं. इंग्रजांनीं उत्तरेकडच्या बेटाला साल्सेट म्हटलें. सहासष्ट हा आंकडा मात्र शब्दशः धरून बसूं नये. १९२० सालीं बेटाची वांटणी झाली तेव्हां दक्षिण भागांत ८४ आणि उत्तर भागांत ५४ गांवें निघालीं. गांवें वाढतात, फुटतात, उजाडतात. पण हा प्रदेश एका शहराचा नव्हे, अनेक गांवांचा आहे, हें त्या प्राचीन नांवानें जितकें नेमकें सांगितलें तितकें पुढच्या कोणत्याही नांवानें सांगितलें नाहीं. आगगाडीच्या प्रवाशाला रोज ऐकूं येणारीं स्टेशनांचीं नांवेंच घ्यावीं. बोरिवली, कांदिवली, आणि आगगाडीचें स्टेशन नसलेल्या चांदिवली, आंबिवली, गुंदवली. यांच्या शेवटची ‘वली’ ही बहुधा संस्कृत ‘पल्ली’ची, म्हणजे लहानशा वस्तीची, खूण आहे.

आतां या भूमीची ठेवण. साष्टी हें बेट आहे, ही गोष्ट तेथें जन्म काढलेल्या पुष्कळांच्या ध्यानांत नसते. आणि त्यांत त्यांचा दोषही नाहीं, कारण पूल इतके झाले आहेत कीं पाणी दिसतच नाहीं. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. मधोमध दक्षिणोत्तर डोंगरांचा कणा. त्याचें सर्वांत उंच शिखर साडेचारशे मीटरांच्या आसपास असून त्याच्याच कुशींत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. शिलालेखांत या डोंगराला कृष्णशैल म्हटलें आहे. कान्हेरी हें त्याचेंच बोली रूप. अंधेरीजवळ कोंडिविट्याचीं महाकाली लेणीं, जोगेश्वरीचें शैव लेणें आणि बोरिवलीकडचें मंडपेश्वर हे या कण्याचेच दगडी अवशेष. अंधेरींत गिल्बर्ट टेकडी म्हणून एक काळा कातळ इमारतींच्या दाटींतून उभा आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं लाव्हा थिजतांना तयार झालेल्या उभ्या स्तंभांचा तो बनलेला असून त्याच्या माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे.

या डोंगरांतून पश्चिमेकडे दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या समुद्राकडे धांवतात. दक्षिणेकडे विहार आणि पवई या तळ्यांचें ओसंडणारें पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. नद्या लहान, उतार थोडा, आणि मुखाशीं भरतीचें पाणी. म्हणून दोन्ही बाजूंस खाजणें पसरलेलीं. खाजणांत बांध घालून भात आणि मीठ पिकवावें, त्यांच्या पलीकडे तिवरांचें रान राखावें, ही येथली जुनी रीत. पश्चिमेकडे जुहू, वेसावें, मढ हीं एके काळीं भरतीच्या वेळीं सुटीं होणारीं लहान लहान भूमिखंडें होतीं. डोंगराचा कणा मध्यें आडवा आल्यामुळें पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा व्यवहार नेहमींच वेगळा राहिला. आगगाड्याही दोन झाल्या, एक डोंगराच्या या बाजूनें आणि एक त्या. १९२८ सालीं अंधेरीहून तुर्भ्याकडे जाणारा एक आडवा लोहमार्ग सुरू झाला, पण तो पांचसहा वर्षांतच बंद पडला. वेसावें, अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडणारी मेट्रो २०१४ च्या जून महिन्यांत धांवूं लागली तेव्हां कोठें बेटाच्या दोन कुशी रुळांवरून पुन्हां एकमेकींना भेटल्या.

राजवटींचा इतिहास येथें थोडक्यांत आटोपतां येईल, कारण तो शाळेच्या पुस्तकांतून बहुतेकांनीं वाचलेला असतो. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. १७३७ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. मराठ्यांचा अंमल अवघीं सदतीस वर्षें टिकला. परंतु साष्टीसाठीं इंग्रजांनीं केवढी घालमेल केली हें पाहिलें म्हणजे त्या बेटाची किंमत कळते. मुंबईला खावयास भात, प्यावयास पाणी आणि उभें राहावयास जागा हवी होती, आणि तीं तिन्ही साष्टीकडे होतीं.

एक गोष्ट मात्र पुस्तकांतून क्वचितच सांगितली जाते. १६६१ सालीं मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली तेव्हां तिची हद्द कोठपर्यंत, यावर मोठा तंटा झाला. साष्टी आंदणांत आली असें इंग्रजांचें म्हणणें. ती आमचीच असें पोर्तुगीजांचें म्हणणें. अखेर माहीमची खाडी ही दोन राज्यांमधली सीमा ठरली. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. आज माहीम आणि शीव हीं मुंबई शहर जिल्ह्यांत, आणि वांद्रें व कुर्लें हीं उपनगर जिल्ह्यांत कां, असें कोणी विचारलें तर त्याचें उत्तर त्या सतराव्या शतकांतल्या तंट्यांत आहे. पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रजही गेले. त्यांनीं आंखलेली रेघ राहिली.

खाडी पुसली गेली ती भराव आणि बंधारे यांनीं. शीवच्या बाजूनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गव्हर्नर डंकन यांच्या नांवाचा बंधारा झाला. माहीम आणि वांद्रें यांच्या मधला बंधारा १८४५ सालीं खुला झाला, आणि त्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले, तेही कोणाकडून जकात घेऊं नये या अटीवर. त्या बंधाऱ्यावरून आतां एका दिवसांत किती वाहनें जातात याचा हिशेब कोणी मांडला तर अवाबाईंच्या त्या अटीची किंमत कळेल. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही हिंदुस्थानांतली पहिली उतारूंची आगगाडी याच बेटाच्या पूर्व अंगानें गेली. पश्चिम अंगाची लोकल गाडी १८६७ सालीं सुरू झाली, आणि ती विरारहून दिवसांतून एकदां जाई.

पण आगगाडी येण्याच्या आधींच साष्टीची जमीन हातांतून सुटूं लागली होती. कंपनी सरकारनें गांवेंच्या गांवें श्रीमंत गृहस्थांना लावून दिलीं. पवई फ्रामजी कावसजी बनाजी यांना मिळाली. त्यांनीं तेथें नाना प्रकारच्या लागवडीचे प्रयोग केले, आणि १८३८ सालीं व्हिक्टोरिया राणीला आंबे धाडल्याबद्दल त्यांचें नांव अजून निघतें. बैरामजी जिजीभाई यांना १८३० सालीं साष्टींतलीं सात गांवें मिळालीं. शेत पिकविणारा कुणबी आणि आगरी तोच राहिला. सारा कोणाला द्यावयाचा तो धनी बदलला. ही व्यवस्था पुढें सव्वाशे वर्षें चालली आणि साष्टी इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा व्हावयास १९५१ साल लागलें. अंधेरी, जोगेश्वरी, मालाड या भागांत जमिनीचा वाद निघाला कीं आजही कागदपत्रांत एखादें जुनें पारशी नांव डोकावतें, तें याच कारणानें.

शहराची तहान ही दुसरी गोष्ट. मुंबईला नळाचें पाणी प्रथम मिळालें तें विहार तळ्याचें, १८६० सालीं. मग १८७९ सालीं तुळशी. पवईचें तळें शतक संपण्याच्या सुमारास बांधलें गेलें. साष्टीच्या दऱ्या बांध घालून भरल्या आणि त्यांचें पाणी नळांनीं खाडीपलीकडे नेलें. दगड गेला, वाळू गेली, घोड्यांसाठीं गवत गेलें, ताडीमाडी गेली, मीठ गेलें, मासळी गेली. आणि उलट दिशेनें काय आलें? १९२७ सालापासून शहराचा केरकचरा देवनारला येऊन पडूं लागला. वांद्र्याचा कत्तलखाना पुढें तेथेंच हलविण्यांत आला. ‘उपनगर’ या शब्दाचा खरा अर्थ कोशांत पाहण्यापेक्षां या देवघेवींत पाहावा.

माणसें मात्र आपणहून आलीं. १८९६ च्या प्लेगनें मुंबई रिकामी होऊं लागली तेव्हां पुष्कळांनीं वांद्रें, सांताक्रूझ, अंधेरी या बाजूस मोकळ्या हवेंत घरें घेतलीं. १९०१ च्या शिरगणतींत ठाण्यासकट उभ्या साष्टी तालुक्याची लोकसंख्या सुमारें १ लाख ४७ हजार होती. वांद्रें, ठाणें आणि कुर्लें हीं तीनच शहरें गणलीं गेलीं, बाकीचीं सगळीं खेडीं. मग मध्यमवर्गीयांच्या वसाहती उठल्या. पार्ल्याला १९२१ सालीं टिळक विद्यालय निघालें, १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत तेथेंच जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखालीं छावणी पडली. पश्चिमेकडची विजेची गाडी १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत धांवूं लागल्यावर अंधेरीचा कारकून न्याहारी घरीं करून वेळेवर कचेरींत पोंचूं लागला, आणि साष्टीचें भवितव्य ठरून गेलें.

या वाढीचा हिशेब ठेवण्यासाठीं १९२० सालीं सरकारनें दक्षिण साष्टी ठाणें जिल्ह्यांतून काढून तिचा ‘मुंबई उपनगर जिल्हा’ केला आणि कचेरी वांद्र्याला ठेवली. साष्टी हें नांव जिल्ह्यावरून उतरलें तें त्याच दिवशीं. पुढें महानगरपालिकेची हद्द १९५० सालीं जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत व १९५७ सालीं दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. उपनगर जिल्हा बृहन्मुंबईंत मुरून गेला. १ ऑक्टोबर १९९० रोजीं तो पुन्हां वेगळा झाला. पहिल्या जन्मापासून दुसऱ्या जन्मापर्यंत सत्तर वर्षें गेलीं, आणि दरम्यान उपनगर नगराहून मोठें झालें होतें. २००१ सालीं उपनगर जिल्ह्याची वस्ती ८६,४०,४१९ होती, शहर जिल्ह्याची ३३,३८,०३१. दहा वर्षांनीं शहरची घटून ३०,८५,४११ झाली आणि उपनगरची वाढून ९३ लाखांपलीकडे गेली; म्हणजे नगराच्या तिप्पट. महाराष्ट्रांत त्या वेळच्या ठाणें आणि पुणें या दोनच जिल्ह्यांत याहून अधिक माणसें होतीं. ज्याच्या भोंवतीं ग्रह फिरतो असें मानलें, तो सूर्यच ग्रहाहून लहान निघाला! तरी नांव उपनगरच.

ही वस्ती कोणाची? मूळची म्हणावी ती कोळ्यांची. वेसावें, मढ, मालवणी, मनोरी, गोराई, जुहू, खारदांडा, चिंबई येथील कोळीवाडे समुद्राकडे तोंड करून बसले आहेत. खाजणांत आगरी, ताडामाडांवर भंडारी, भातशेतींत कुणबी आणि पांचकळशी, डोंगरांत वारली, कोकणा आणि कातकरी. यांच्याच पैकीं जे पोर्तुगीजांच्या काळीं ख्रिस्ती झाले त्यांचे वंशज आपणांस ईस्ट इंडियन म्हणवितात. हें नांव त्यांनीं १८८७ सालीं, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, मुद्दाम घेतलें. गोवा आणि मंगळूर येथून नोकरीसाठीं येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, कंपनी सरकारचे येथले पहिले प्रजाजन, हें दाखविण्याचा त्यांत हेतु होता. नांव इंग्रजी, धर्म रोमन, आणि घरांतली बोली मराठी. लग्नांतलीं गाणीं ऐकलीं म्हणजे चारशे वर्षांचा पडदा किती पातळ आहे हें कळतें.

मग कोंकणांतून आणि घाटावरून गिरणीकामगारांचीं व नोकरदारांचीं कुटुंबें आलीं. १९४७ नंतर सिंध आणि पंजाबांतून निर्वासित आले, आणि मुलुंड, चेंबूर हे भाग बदलून गेले. घाटकोपर, बोरिवलीकडे गुजराथी आणि कच्छी. दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून जो जो कामाच्या शोधांत निघाला तो तो. त्यांनीं हा जिल्हा उभा केला हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण एव्हेंकियांत निदान एव्हेंक किती उरले हें सांगतां येतें. साष्टींत कोळी किती, आगरी किती, ईस्ट इंडियन किती, याचें उत्तर शिरगणतीच्या तक्त्यांत सांपडत नाहीं. त्याच तक्त्यांत आणखी एक विलक्षण नोंद आहे. २०११ च्या गणतीप्रमाणें या जिल्ह्याची वस्ती शंभर टक्के नागरी; ग्रामीण लोकसंख्या शून्य. सहासष्ट गांवांच्या नांवानें ओळखल्या गेलेल्या भूमींत सरकारी हिशेबानें एकही गांव उरलेलें नाहीं.

प्रत्यक्षांत तीं आहेत. आंबोली, मरोळ, चकाला, सहार, कोंडिविटें, वेसावें. रुंद रस्ता सोडून आंतल्या गल्लींत वळलें कीं कौलारू घर, ओटा, दाराशीं क्रूस किंवा तुळस, आणि मधोमध विहीर. यांना गावठाणें म्हणतात. जुन्या जमाबंदींत शेतांची मोजणी झाली, कारण त्यांवर सारा होता. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून त्याची बाहेरची हद्द तेवढी दाखवून आंतलीं घरें बहुधा तशींच सोडलीं गेलीं. त्या काळीं ती सवलत होती. आज त्याच सवलतीमुळें घर माझें आहे हें कागदानें सिद्ध करणें घरवाल्याला कठीण जातें, आणि चौफुटी जागेलाही सोन्याचा भाव आलेल्या ठिकाणीं कागद नसलेला माणूस म्हणजे बांध नसलेलें खाजण. कोळीवाड्यांचें आणि गावठाणांचें सीमांकन करा, ही मागणी त्या लोकांकडून पुनःपुन्हां होत आली आहे ती याचसाठीं.

डोंगरांतल्या वारल्यांची अवस्था याहून बिकट. मुंबईला दूध पुरविण्यासाठीं १९४९ सालीं आरेची वसाहत निघाली तेव्हां त्यांचे पाडे तिच्या कुंपणांत आले. पुढें राष्ट्रीय उद्यान झालें तेव्हां कांहीं पाडे त्याच्या हद्दींत गेले. २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंत दोन हजारांवर झाडें तोडलीं गेलीं आणि सर्वोच्च न्यायालयानें पुढील तोड थांबविली. त्या वेळीं सबंध देशानें आरेचें नांव ऐकलें. तेथें माणसेंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शेतें करतात, भिंतींवर चित्रें काढतात, हें मात्र अंधेरी स्टेशनावर उतरणाऱ्यांपैकीं कित्येकांना तेव्हांच प्रथम कळलें.

भूगोल विसरल्याची किंमत कधीं कधीं एका दिवसांत द्यावी लागते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच वेळीं कुलाब्याचा पाऊस पाऊणशे मिलिमीटरांच्या आंतच होता. शहर जवळजवळ कोरडें आणि साष्टी पाण्याखालीं. विमानतळासाठीं मिठीचें पात्र वळविलेलें, तिच्या कांठच्या दलदलींत भराव घालून वांद्रें-कुर्लें संकुल उभें केलेलें, तिवरें गेलेलीं, खाजणें बुजलेलीं. विहार आणि पवई भरून वाहूं लागलीं तेव्हां पाण्यानें आपली जुनी वाट विचारली आणि ती त्याला मिळाली नाहीं. कुर्लें, कलिना, सांताक्रूझ, साकीनाका या भागांत शेंकडों माणसें दगावलीं. मिठी नांवाची नदी येथून वाहते हें ज्यांना ठाऊकच नव्हतें अशा सुशिक्षित घरांत त्या रात्रीं छातीइतकें पाणी होतें. जुन्या गावठाणांची जागा ज्यांनीं निवडली त्यांच्याजवळ नकाशा नव्हता. पण उंचवटा कोणता आणि पाण्याची वाट कोणती, हें त्यांना पायाखालच्या मातीवरून कळत असे.

अंधेरीच्या पूर्वेस मरोळच्या बाजूला एक पडकें देऊळ आहे, ख्रिस्ती देऊळ. संत योहान बाप्तिस्ता यांच्या नांवानें तें १५७९ सालीं जेझुइट पाद्र्यांनीं बांधलें. पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले, तरी भोंवतालच्या गांवांची उपासना तेथेंच चाले. १८४० सालीं सांथ आली आणि गांवकरी तें देऊळ सोडून मरोळला गेले. छप्पर कोसळलें, भिंतींवर पिंपळ उगवला. १९७३ सालीं त्या जागीं सरकारनें निर्यातीसाठीं उद्योगांचें क्षेत्र उभारलें, ज्याला सर्वजण सीप्झ म्हणतात. तेथें हिऱ्यांचे दागिने घडतात, संगणकाचें काम चालतें, आणि फाटकावर पहारा असतो. देऊळ त्या फाटकाच्या आंत राहिलें. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, आसपासच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन परवानगी घेऊन आंत जातात, छप्पर नसलेल्या त्या भिंतींमध्यें प्रार्थना म्हणतात, आणि दिवस मावळण्यापूर्वीं बाहेर येतात.